वणव्याच्या दिवसांत घर आणि बाग कशी सांभाळायची (वर्ष कठीण असेल, माणसं आणि पैसे कमी असतील तेव्हा)

हे मी आपल्या कोकणातल्या, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या, डोंगराच्या पायथ्याला घर आणि आजूबाजूला आंबा-काजूची बाग असलेल्या लोकांसाठी लिहितेय. घाटावरच्यांना, गोव्यातल्यांनाही बरंचसं लागू पडेल. आणि मुद्दाम कठीण वर्ष धरून लिहितेय. मोहोर धड आला नाही, फवारणीचा खर्च अंगावर आला, घरात कोणाचं तरी आजारपण झालं, पोरगा मुंबईत, गडी मिळत नाहीत, अशा वर्षात "३० फुटांची जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा) मारा, चार माणसं राखणीला ठेवा" असला सल्ला ऐकून माणूस काहीच करत नाही आणि मार्चमध्ये सगळं जळतं. म्हणून काय आधी, काय नंतर आणि काय सोडून दिलं तरी चालेल हे सांगते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, वणवा मार्चमध्ये विझवायचा नसतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अडवायचा असतो. मार्चच्या दुपारी कमरेएवढं वाळलेलं करड, म्हणजे डोंगरातलं गवत, पेटलं आणि त्यात वारा असला की टाळे (पानांच्या हिरव्या फांद्या) घेऊन गेलेली दहा माणसं काही करू शकत नाहीत, मागे सरकणं एवढंच हातात राहतं. गवत तिथे असेल तर आग येणार, नसेल तर ती जमिनीलगत येऊन मरते. बाकी सगळं याच्यानंतर.

आता गवत कोणाचं, हा खरा प्रश्न. पूर्वी गुरं होती, लोक डोंगरातलं गवत कापून आणायचे, उडव्या रचायचे, त्यामुळे वणवा लागला तरी त्याला खायला फार नसायचं. आता गुरं कमी झाली, जमिनीचे मालक मुंबई-पुण्याला, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, आणि शेजारचा तुकडा वर्षानुवर्षं पडीक. तुमची बाग कितीही साफ असली तरी वरच्या-खालच्या अंगाला किंवा बाजूला तो तुकडा असेल तर धोका तिथूनच आहे. म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम कोणतं विचाराल तर ते गणपतीत करायचं. चाकरमानी गावात असतात, आरतीला सगळे भेटतात, तेव्हाच बोलून घ्यायचं, "काका, तुमच्या जागेतलं गवत दिवाळीच्या सुमाराला आम्ही कापून नेतो, झाडाला हात लावणार नाही, चालेल ना?" बहुतेक जण हो म्हणतात कारण त्यांचीही कलमं त्यातच आहेत. मग ते बोलणं व्हॉट्सॲपवर पुन्हा लिहून पाठवायचं आणि त्यांचा "हो" आलेला जपून ठेवायचा, कारण भाऊबंदकीत उद्या कोणी तिसराच विचारतो की आमच्या जागेत का शिरलात. जे पैसे द्यायला तयार असतील त्यांच्याकडून ग्रासकटरच्या पेट्रोलचे आणि मजुरीचे घ्या, संकोच करू नका. गणपतीत राहून गेलं तर फोनवर करा पण नोव्हेंबर उलटू देऊ नका. शिमग्याला सगळे परत येतात खरे पण तोवर उशीर झालेला असतो.

कापायचं कधी? पाऊस थांबल्यावर गवत पिवळं पडायला लागतं तेव्हा, साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. फार लवकर कापलं तर जमिनीत ओल असते आणि ते परत फुटतं, डबल खर्च. उशीर केला तर अजून एक धोका आहे जो लोक धरत नाहीत. ग्रासकटरचं लोखंडी पातं जांभ्याच्या दगडावर आपटलं की ठिणगी उडते आणि फेब्रुवारीत त्या एका ठिणगीने रान पेटतं. त्यामुळे डिसेंबरनंतर कापायचं असेल तर सकाळी दव असताना, नायलॉनची दोरी लावून किंवा विळ्याने, आणि शेजारी फवारणीचा पंप पाण्याने भरून ठेवून. गरम मशीन वाळल्या गवतावर ठेवायचं नाही, पेट्रोल भरायचं ते मोकळ्या मातीवर.

आणि कापलेलं गवत तिथेच पाडून ठेवलं तर निम्मं काम झालं. उभं गवत जोरात पेटतं, आडवं हळू पेटतं, पण पेटतं ते पेटतंच. ज्याच्याकडे गुरं आहेत त्याला उचलून न्यायला सांगा, फुकट दिलंत तरी तुमचाच फायदा. आता इथे बागायतदार विचारतात की कलमाच्या बुंध्याला गवताचं आच्छादन घालायचं असतं, ओल टिकते, त्याचं काय. बरोबर आहे, घाला, पण बागेच्या आतल्या झाडांना. कडेच्या दोन ओळींना कठीण वर्षात आच्छादन नको, तिथे आळं खणून मोकळी माती ठेवा. आतल्या झाडांनाही खोडापासून दोन-तीन फूट सोडून. कलमाचं साल पातळ, जमिनीलगतची आग दोन मिनिटं थांबली तरी सालीखालचा जिवंत थर भाजतो. झाड तेव्हा हिरवं दिसतं आणि पावसानंतर वाळत जातं.

जाळरेषा

गवत सगळीकडे कापणं झेपत नसेल तर निदान पट्टा काढा. बागेच्या कडेने दहा-पंधरा फूट रुंद, मातीपर्यंत साफ. खालच्या अंगाची बाजू, म्हणजे जिथून आग चढून बागेत येईल ती, जास्त रुंद ठेवा, कारण आग चढाकडे पळते. चढ साधारण १० अंशांनी वाढला की तिचा वेग दुपटीच्या आसपास जातो, ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जाते म्हणून. खालच्या दरीतून येणारा वणवा हा वरून उतरणाऱ्यापेक्षा कितीतरी वाईट. रस्ता किंवा पाणंद लागून असेल तर तिथेही पट्टा हवा, विडी-सिगारेट तिथूनच पडते. गडगा (दगडांची कुंपणभिंत) असेल तर त्याच्या दोन्ही अंगांचं गवत काढा, गडगा ही अर्धी तयार जाळरेषाच आहे, पण त्यावर वाळलेल्या वेली चढल्या असतील तर आग त्यावरूनच अलीकडे उतरते.

हे काम एकदा करून संपत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, ऐन, किंजळाची पानगळ होते आणि साफ केलेल्या पट्ट्यावर पुन्हा पानांचा थर बसतो, आणि लोकांना वाटतं आपली जाळरेषा आहे. दर पंधरा दिवसांनी झाडून घ्या. वाडीत मिळून एक ब्लोअर भाड्याने आणला किंवा विकत घेतला तर एका सकाळीत सगळ्यांचं होतं. वनखात्याची माणसं आग विझवतानाही हाच वापरतात, पानं पुढून उडवून लावली की आगीला वाट राहत नाही.

जाळून पट्टा काढायचा का? जुनी जाणती माणसं जाळून काढतात, दोन्ही कडांना आधी कापून, मधलं पहाटे दवात पेटवून, चार-पाच माणसं उभी राहून, वनखात्याच्या गार्डला सांगून. पद्धत चांगलीच आहे. पण तुमच्याकडे यंदा दोनच माणसं असतील तर करू नका, खरवडून जेवढं होईल तेवढंच काढा. कित्येक वणवे अशा जाळरेषा जाळतानाच सुटलेले असतात. राबाच्या भाजावळीचंही तेच. भाताच्या रोपासाठी भाजायचंच असेल तर आधी भोवतीची दहा फूट जागा मातीपर्यंत साफ, वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत काम संपलेलं, आणि पूर्ण विझेपर्यंत माणूस हलणार नाही. दुपारी समुद्राकडून वारा चढतो, तेव्हा पेटवलेलं काही हातात राहत नाही.

एक समज अजून गावोगावी आहे की रान जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. राखेने पहिला कोंब हिरवागार दिसतो हे खरं, पण जमिनीतला पालापाचोळा, कुजलेलं, बी, सगळं जातं, माती उघडी पडते, पहिल्या पावसात वरचा थर ओढ्याला लागतो आणि वर्षागणिक तिथे आगीला न जुमानणारं राठ गवतच उरतं, जे गुरं तोंडात घेत नाहीत. हे भांडून नाही पटत. ज्या वयस्क माणसाचं वाडीत ऐकतात त्याच्याकडून बोलवा.

घराभोवती

घर पेटतं ते बहुतेक वेळा ज्वाळा येऊन भिडल्यामुळे नाही, उडत आलेल्या ठिणगीमुळे. म्हणून आग लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका आणि जवळ आली म्हणून घर गेलंच असंही समजू नका, ठिणगीला पडायला काय मिळतं यावर सगळं आहे. भिंतीपासून पाच फूट काहीही जळणारं नको. पडवीतलं सरपण, शेणींची रास, झापं, नारळाच्या सोडणांचा ढीग, पावसाळ्याचं प्लास्टिक, खताच्या रिकाम्या गोणी, हे सगळं मागच्या दाराशी ठेवायची आपल्याला सवय असते, जानेवारीत ते हलवा. पेंढ्याची उडवी घरापासून आणि गोठ्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या, तीस-चाळीस फूट तरी, आणि उडवीच्या भोवती जमीन खरवडून ठेवा. कौलांच्या खोबणीत, पन्हाळीत साठलेली पानं काढा, हे काम कोणी करत नाही आणि ठिणगी तिथेच बसते. छपराला टेकलेली फांदी तोडा. जादा सिलिंडर भरलेला असेल तर घराच्या त्या बाजूला ठेवा जिकडे डोंगर नाही.

पाणी साठवायचं ते विजेवर अवलंबून न राहता, कारण वणवा लागला की लाइट जाते किंवा घालवावी लागते आणि विहिरीवरची मोटर बंद पडते. दोनशे लिटरची दोन पिंपं दाराशी कायम भरलेली असू द्या, झाकण लावून. फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप हा आपल्याकडचा सगळ्यात उपयोगी अग्निशमन बंब आहे, पण तणनाशकाचा पंप यासाठी नको, वेगळा स्वच्छ ठेवा. ठिबकच्या नळ्या आणि वरून टाकलेले पीव्हीसी पाइप गवतातून गेले असतील तर त्यावरचं गवत आधी काढा. बाग वाचते आणि पाइप वितळून त्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून झाडं जातात असं झालेलं मी पाहिलंय.

विजेच्या तारा झोळ पडून खाली आल्या असतील, फांदीला घासत असतील तर वीज कंपनीच्या कार्यालयात तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी अर्ज, खांबाचा नंबर, फोटो, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. उद्या तारेच्या ठिणगीने बाग गेली तर भरपाई मागताना हा कागदच बोलतो. आणि तारेखाली आग असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारायचं नाही, कोणीही कितीही घाई केली तरी.

गोठ्यातल्या दाव्याजवळ कोयता अडकवून ठेवा. धुरात गाठ सुटत नाही, दावं कापायचं आणि जनावर मोकळं सोडायचं, ते स्वतःची वाट काढतं. बांधलेलं जनावर मात्र जातं.

यंदा काहीच झेपत नाही, तर?

मग तीनच करा. घराभोवतीचे पाच फूट आणि उडवी हलवणं, त्याला पैसे लागत नाहीत, दोन संध्याकाळी लागतात. दुसरं, खालच्या अंगाने आणि रस्त्याच्या बाजूने पट्टा, बाकीच्या दोन बाजू यंदा राहिल्या तर राहिल्या. तिसरं, वाडीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप फक्त आगीसाठी, त्यात गुड मॉर्निंग नाही, लग्नपत्रिका नाही, म्हणजे रात्री दोनला वाजला तरी माणूस उठून बघेल. त्यात गार्ड, पोलीस पाटील, पाण्याचा टँकर असलेला, आणि मुंबईतले मालकही घ्या. झाडांच्या बाबतीतही निवड करावी लागते. नवी लावलेली कलमं, तीन-चार वर्षांची, आधी वाचवा, त्यांची आळी आधी साफ करा. जुनं मोठं झाड थोडं भाजलं तरी तग धरण्याची शक्यता जास्त असते, रोपाला तेवढी ताकद नसते.

लक्ष ठेवायचं ते फेब्रुवारीपासूनच. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या कुठल्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त होतं आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी आपल्या किनाऱ्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, म्हणजे "शिमग्यानंतर बघू" हे गणित आता चालत नाही. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या वन अग्नी पोर्टलवर नाव नोंदवलं की उपग्रहाला आग दिसल्यावर मोबाइलवर मेसेज येतो, नासाचा फर्म्स नावाचा नकाशाही फुकट बघता येतो. पण हे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळांनाच वरून जातात आणि माहिती यायला काही तास लागतात, छोटी आग दिसतही नाही. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, राहणारं, लांबचं बघू शकणारं एक घर हे त्यापेक्षा लवकर सांगतं, त्या घराला फोनचा रिचार्ज वाडीने मारून द्यावा असं माझं मत आहे.

आग दिसली की

आधी फोन, मग धाव. वनखात्याचा हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, काहीच लागलं नाही तर ११२. सांगताना गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा, आग चढाकडे चाललीय की उताराकडे, जवळ घरं आहेत का, एवढं नीट सांगा, आणि एक माणूस डांबरी रस्त्यावर गाडीला वाट दाखवायला उभा करा. मोठी मदत सगळीकडे पोचत नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली होती, पण एका वाडीच्या काजूसाठी हेलिकॉप्टर येणार नाही, तेव्हा पहिला तास आपलाच आहे.

कोणी जायचं? दारू प्यायलेला नाही, दम्याचा-हृदयाचा त्रास असलेला नाही, शाळेतली पोरं तर अजिबात नाहीत, कितीही उत्साहात असली तरी. अंगावर सुती जाड कपडे, पूर्ण बाह्या, पायात चामडी बूट. नायलॉनचा टी-शर्ट, ट्रॅकपँट, स्लीपर घालून गेलेल्याला परत पाठवा, ते कापड अंगाला वितळून चिकटतं. जोडीने राहायचं, आणि जाण्याआधी परतायची वाट ठरवायची. आगीच्या वरच्या बाजूला, चढावर कधीही उभं राहायचं नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला ट्रेकिंगला गेलेली माणसं वणव्यात अडकली आणि २३ जणांचा जीव गेला. डोंगरउतारावर वाळलेलं गवत, वारा आणि पळायला धड वाट नाही, ही जागा किती वाईट असते ते लक्षात ठेवा. सगळ्यात सुरक्षित जागा कोणती तर जी आधीच जळून काळी झालीय ती. अडकलात तर तिकडे.

विझवायचं ते समोरून नाही, मागून आणि बाजूने, आगीची रुंदी कमी करत करत. ओले टाळे उचलून जोरात आपटू नका, ठिणग्या उडतात, दाबून आगीकडे ओढा. ज्वाळा छातीच्या वर गेल्या की टाळ्यांनी होत नाही, मागे या आणि जाळरेषेवर थांबा, तिथेच तिला पकडायचं. समोरून दुसरी, उलटी आग लावून अडवायची विद्या ज्याला येते त्यालाच करू द्या, आणि सगळ्यांना माहीत असल्याशिवाय त्यानेही करू नये, मधे कोणी असलं तर दोन आगींत सापडतं. जमलं तर पहाटेची वेळ साधा, वारा पडलेला असतो, दव असतं, तेव्हा आग सगळ्यात मवाळ.

घरात वयस्क माणूस, दमा असलेलं कोणी, बाळंतीण असेल तर धूर दिसल्याबरोबर त्यांना नातेवाइकांकडे दुसऱ्या वाडीत पोचवा, "बघू जवळ आली तर" नको, कौलारू घरात धूर कौलांच्या फटीतून येतोच. ओला रुमाल बारीक धूर अडवत नाही, एन-९५ मास्क दोन-चार घरात असू द्या. औषधं, चष्मा, इनहेलर, कागद एका पिशवीत दाराशी. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही, आणि १०८.

आग विझली असं वाटल्यावर लोक घरी जातात आणि रात्री ती परत उठते. वाळकी खोडं, पोकळ झाडं, शेणाच्या पोवट्या आतून धुमसत राहतात. पाणी मारून, कोयत्याने फोडून, मातीत मिसळून, हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा, आणि पुढचा पूर्ण दिवस आळीपाळीने राखण ठेवा.

कागद

बाग जळाली तर दुसऱ्याच दिवशी, काही साफ न करता, मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवून पंचनामा मागा, कोणी लावली असा संशय असेल तर पोलिसांत तक्रार. सातबाऱ्यावर झाडांची नोंदच नसेल तर पंचनाम्यात झाडं कमी धरली जातात, म्हणून ई-पीक पाहणीत आंबा-काजूची नोंद आत्ताच करून घ्या. हवामानावर आधारित फळपीक विमा हा पाऊस, तापमान, वारा, गारपीट यांच्यावर चालतो, वणव्याने गेलेली बाग त्यात बसत नाही, हे हप्ता भरतानाच माहीत असलेलं बरं. घरासाठी मात्र १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकाच धाटणीची पॉलिसी आहे आणि तिच्यात आग, जंगलातली आगसुद्धा धरलेली आहे. घर कच्चं की पक्कं, गोठा त्यात येतो का, हे मात्र घेण्याआधी विचारून लिहून घ्या.

मुद्दाम पेटवणाऱ्याला कायदा आहे, राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि कलम ७९ प्रमाणे ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग कळवणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे.

भाजलेली झाडं लगेच तोडू नका. पाणी देता येत असेल तर थोडं थोडं द्या, खोडाला चुना लावा म्हणजे उघड्या पडलेल्या सालीला ऊन लागणार नाही, आणि पाऊस सुरू होऊन फुटवा कुठून येतो ते दिसेपर्यंत थांबा. मग मेलेला भाग छाटून कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. उतारावर अर्धवट जळलेली लाकडं आडवी टाकून ठेवा, दगडांचे छोटे बांध घाला, मेच्या शेवटापर्यंत हे झालं पाहिजे कारण उघड्या मातीवर पहिला पाऊस पडला की ती थांबत नाही.